वाचक विचारतात : घरासाठी इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा का?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे जनरेटरबद्दलची पत्रं हमखास येतात. या अंकासाठी निवडलेली बरीचशी कोकणातली आणि घाटमाथ्यावरची आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे : साध्या पेट्रोल जनरेटरपेक्षा बरीच जास्त किंमत मोजून इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचा, तर त्यातून नेमकं पदरात काय पडतं? घरात काय काय चालवायचं आहे त्यावर उत्तर फिरतं, म्हणून जमेल तिथे वॅट आणि लिटरमध्ये हिशोब मांडला आहे.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. घरी बॅटरीवरचा इन्व्हर्टर आहे, पण तो एका रात्रीत संपला. आता दुकानदार म्हणतो, साधा जनरेटर नको, 'इन्व्हर्टर जनरेटर' घ्या. यात बॅटरी असते का? आणि किंमत इतकी जास्त का? — एक वाचक, दापोली

वीज साठवणारी बॅटरी यात नसते. काही मॉडेलमध्ये सेल्फ स्टार्टसाठी छोटी बॅटरी असते, तेवढीच. वीज पेट्रोलच्या इंजिनातूनच तयार होते. फरक आहे तो ती वीज घराच्या तारेत येण्याआधी तिच्यावर काय होतं यात.

साध्या जनरेटरमध्ये इंजिन थेट अल्टरनेटर फिरवतं आणि त्यातून निघालेली वीज जशीच्या तशी सॉकेटला येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. दोन पोलच्या अल्टरनेटरमधून ५० हर्ट्झ हवे असतील, तर इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच फिरलं पाहिजे. घरात एक नाइट लॅम्प चालू असो की मिक्सर आणि फ्रीज दोन्ही, फेऱ्या ३०००च. हा वेग सांभाळणारा गव्हर्नर यांत्रिक असतो, त्याला प्रतिसाद द्यायला क्षणभर वेळ लागतो. त्यामुळे लोड पडला की फ्रिक्वेन्सी ४८पर्यंत खाली येते, लोड सुटला की ५२पर्यंत वर जाते, आणि सोबत व्होल्टेजही हेलकावतं.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाच्या फ्लायव्हीललाच कायम चुंबकांचा, पुष्कळ पोलचा अल्टरनेटर जोडलेला असतो. त्यातून निघणारी उच्च फ्रिक्वेन्सीची तीन फेजची वीज आधी डीसी केली जाते. मग इलेक्ट्रॉनिक मोड्यूल त्या डीसीपासून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची स्वच्छ साइन वेव्ह नव्याने घडवतं. म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवण्याचं काम इंजिनाकडून काढून मोड्यूलकडे दिलं. इंजिनाला ३००० फेऱ्यांचं बंधन उरत नाही. लोड कमी असेल तर स्टेपर मोटर थ्रॉटल मिटवते आणि इंजिन मंदावतं. लोड वाढला की वेग वाढतो. इको किंवा इकॉनॉमी नावाचं बटण असतं ते याचंच. कमी पेट्रोल, कमी आवाज, कमी वजन आणि स्थिर वीज, हे चारही फायदे या एका बदलातून येतात. जास्तीची किंमत चुंबकांची आणि मोड्यूलची. वॉरंटी संपल्यावर मोड्यूल गेलं तर दुरुस्ती होत नाही, बदलावंच लागतं, आणि तो खर्च झोंबतो, हेही आधीच लक्षात ठेवा.

एक मात्र सांगायला हवं. 'साध्या जनरेटरवर लॅपटॉप, टीव्ही जळतात' हे दुकानातलं वाक्य अर्धंच खरं आहे. आजकालचे चार्जर आणि टीव्हीचे पॉवर सप्लाय वाकड्यातिकड्या वेव्हवरही बरेच दिवस तग धरतात. खरा धोका असतो तो मोठा लोड एकदम बंद झाल्यावर उसळणाऱ्या व्होल्टेजचा. आणि साध्या जनरेटरवर हमखास अडतो तो तुमच्या घरातला बॅटरी इन्व्हर्टर : फ्रिक्वेन्सी त्याच्या मर्यादेबाहेर गेली की तो जनरेटरची वीज घेतच नाही, चार्जिंग सुरू होत नाही. तुमच्यासारख्या घरात इन्व्हर्टर जनरेटर घेण्याचं सर्वांत सबळ कारण हेच. त्याचा हिशोब पुढे सावंतवाडीच्या पत्राला दिलेल्या उत्तरात आहे.

प्रश्न : आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आठवड्यातून एकदा दोन-तीन तास वीज जाते. छोटा इन्व्हर्टर जनरेटर गॅलरीत ठेवून चालवता येईल का? आवाज फार नसतो म्हणतात. — पुणे

नाही. आवाजामुळे नव्हे, धुरामुळे. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गॅलरीत सोडलेला धूर दारा-खिडकीतून घरात येतो किंवा वरच्या मजल्यावर शिरतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं झोपेत कळतही नाहीत. इन्व्हर्टर जनरेटर शांत आणि आटोपशीर असल्यामुळे लोक तो घरात आणायला धजावतात, हाच त्याचा धोका. तो उघड्यावर, घरापासून किमान ६ मीटर लांब, एक्झॉस्टचं तोंड दारा-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला करून चालवायचा. पडवी, जिना, पार्किंगचा बंद कोपरा, शटर अर्धं उघडलेलं गॅरेज, यातलं काहीही चालणार नाही. चालू असताना घरात कुणाला चक्कर आली तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं, मग १०८ला फोन करावा.

दोन-तीन तासांसाठी १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर तुम्हाला पुरेसा आहे.

प्रश्न : बंगल्यात ४ पंखे, ८ एलईडी दिवे, २५० लिटरचा फ्रीज, टीव्ही, वायफाय, लॅपटॉप आणि मिक्सर आहे. शिवाय विहिरीवर १ एचपीची मोटर. २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर पुरेल का? — संगमनेर

मोटर सोडली तर पुरेल. मोटरसकट नाही.

बेरीज अशी : पंखे ७५ वॅटप्रमाणे ३००, दिवे ९ वॅटप्रमाणे ७२, फ्रीज चालू असताना १५०, टीव्ही ८०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, लॅपटॉप ६५. एकूण साधारण ६९० वॅट. मिक्सरचे ७५० धरले तर १४४०. आता जनरेटरच्या कागदावर बघा. '२ केव्हीए' (ढोबळमानाने २००० वॅट धरा) हा बहुतेक वेळा कमाल आकडा असतो, म्हणजे काही मिनिटांपुरता. सलग मिळणारी ताकद 'रेटेड' या शब्दापुढे लिहिलेली असते, ती १.६ ते १.८ केव्हीएच्या घरात असते. सलग चालवायचं तर तिच्याही ८० टक्क्यांच्या आत राहावं. म्हणजे ६९० वॅटचं रोजचं काम आरामात होतं आणि मिक्सर पाच मिनिटं चालतो. इस्त्री लावायची असेल तर मिक्सर बंद ठेवून. गिझर आणि इंडक्शन शेगडी यांचा विचार सोडा, ती दोन्ही एकेकटी २००० वॅटच्या आसपास घेतात. मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असलं तरी ती पदार्थाला मिळणारी ताकद. सॉकेटमधून तो १२०० ते १३०० वॅट ओढतो.

फ्रीजचं एक वेगळं आहे. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हजार व्हीएच्या वर उडी मारतो. तीच वेळ आणि मिक्सर चालू, असं झालं की जनरेटर ट्रिप होणार. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज हळू सुरू होतो, तिथे ही अडचण नाही.

आता मोटर. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना ११०० ते १२०० वॅट ओढते. आकड्यात बसते असं वाटतं. पण सुरू होताना ती ५-६ पट करंट मागते, म्हणजे ६ केव्हीएच्या आसपास. साध्या जनरेटरचा जड रोटर फिरत असतो, तो व्होल्टेज खाली पाडून का होईना, पण तेवढा एक धक्का पचवतो. इन्व्हर्टर जनरेटरचं मोड्यूल स्वतःला वाचवण्यासाठी सेकंदाच्या आत सॉकेटची वीज तोडतं. लाल दिवा लागतो, इंजिन चालूच राहतं आणि मोटर 'हुंकार' देऊन थांबते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, मोटरचं वाइंडिंग तापतं. इथे दोष जनरेटरचा नाही, निवडीचा आहे. मोटर चालवणं हीच मुख्य गरज असेल तर ५ केव्हीएचा साधा जनरेटर घ्या, तो या कामाला स्वस्तही पडतो. घर चालवायचं असेल तर २ केव्हीए इन्व्हर्टर जनरेटर घ्या आणि वीज असताना वरची टाकी भरून ठेवा.

प्रश्न : पेट्रोलचा खर्च किती येतो? आमच्याकडे पावसात कधी कधी १०-१२ तास लाईट नसते. — सावंतवाडी

२ केव्हीएच्या चांगल्या इन्व्हर्टर जनरेटरची टाकी साधारण ३.६ लिटरची असते. पाव लोडवर, म्हणजे ४५० वॅटच्या आसपास, ती ८ तास पुरते : ताशी ०.४५ लिटर. पूर्ण १.८ किलोवॅटवर ३.२ तास : ताशी १.१ लिटर. म्हणजे एका लिटरमागे पाव लोडवर १ युनिट आणि पूर्ण लोडवर १.६ युनिट मिळतात. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एक युनिट ६५ ते १०५ रुपयांना पडलं. महावितरणच्या युनिटशी याची तुलनाच नको. साधा जनरेटर त्याच ४५० वॅटला ताशी पाऊण ते एक लिटर पितो, कारण त्याच्या फेऱ्या कमी होत नाहीत. पूर्ण लोडवर मात्र दोघांमधला फरक बराच आटतो. सतत भरगच्च लोडवर चालवणाऱ्याला इन्व्हर्टर जनरेटर पेट्रोलचे पैसे फारसे वाचवून देणार नाही. घरातला लोड बहुतेक वेळ पाव ते अर्धा असतो, म्हणून घराला तो परवडतो.

बारा तास सलग चालवण्यापेक्षा बॅटरी इन्व्हर्टरला जोडीला घ्या. संध्याकाळी ६ ते १० जनरेटर चालवा. घरातले ६००-७०० वॅट आणि बॅटरी चार्जिंगचे २००-२५० वॅट मिळून लोड अर्ध्यावर येतो, तिथे लिटरमागे युनिटही जास्त मिळतात. चार तासांत सरासरी १२ अँपिअरने बॅटरीत ४८ अँपिअर-तास जातात. १२ व्होल्टच्या हिशोबाने ५७५ वॅट-तास. वाटेतली गळती धरून ४५० हाती लागतात. त्यावर दोन साधे पंखे तीन तास चालतील. तेच बीएलडीसी पंखे असतील, ३० वॅटचे, तर एक छोटा दिवा धरून सहा तासांच्या वर, म्हणजे रात्र निघते. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आत चारेक तास थंडावा टिकतो. सकाळी पुन्हा तासभर जनरेटर लावला की दूध नासत नाही.

बॅटरी इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बदलायचं बटण असतं. साध्या जनरेटरवर लोक ते नॉर्मलवर टाकतात, म्हणजे तो कमी-जास्त व्होल्टेज चालवून घेतो. इन्व्हर्टर जनरेटरवर यूपीएस मोडमध्येही चार्जिंग सुरळीत होतं. जनरेटरची तार नेहमी बॅटरी इन्व्हर्टरच्या इनपुटला गेली पाहिजे. आउटपुटला गेली तर दोन्ही यंत्रं जातील.

प्रश्न : वायरमनने दोन्ही बाजूंना टॉप (प्लग) असलेली वायर बनवून दिली. मेन स्विच पाडायचा आणि ती कुठल्याही सॉकेटमध्ये घालायची, अख्खं घर चालतं. यात काही गैर आहे का? — चिपळूण

ती वायर आजच कापून टाका.

त्या वायरचं एक टोक जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्या असतात आणि त्यांत २३० व्होल्ट असतात. हा घरातल्या माणसांचा धोका. दुसरा धोका खांबावरच्या माणसाचा. एखाद्या दिवशी घाईत मेन स्विच पाडायचा राहिला की तुमची वीज मीटरमधून बाहेर, डीपीकडे जाते. तो ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीचं २३० करतो, तसाच उलटाही चालतो. वादळानंतर तारा जोडणाऱ्या लाइनमनच्या दृष्टीने लाइन बंद असते. तिसरं, त्याच वेळी महावितरणची वीज परत आली तर दोन्ही वीज एकमेकांवर आदळतात आणि जनरेटरचं मोड्यूल जागच्या जागी जळतं. वॉरंटीत ते बसत नाही.

बरोबर जोडणी फार अवघड नाही. मीटर आणि मेन स्विचच्या पुढे ३२ अँपिअरचा दोन पोलचा, मध्ये ऑफ असलेला चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकच वीज घराला जोडणारा स्विच, बसवून घ्या. त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. एकच तार बदलणारा स्वस्तातला स्विच नको. घरात तीन फेज असेल तर चार पोलचा लागतो. बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल इनलेट, तिथून जनरेटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची केबल. चेंजओव्हरच्या पुढे पंखे, दिवे, फ्रीज एवढ्याचाच वेगळा छोटा बोर्ड केला तर कुणी चुकून गिझर लावेल ही धास्ती उरत नाही. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच.

चालवायचा क्रमही ठरवून घ्या. चेंजओव्हर ऑफवर. इको बंद ठेवून इंजिन सुरू, दोन-तीन मिनिटं लोडशिवाय. चेंजओव्हर जनरेटरवर. मग एमसीबी एकेक करून, पहिला फ्रीजचा, कारण त्याची सुरुवातीची उडी जनरेटर मोकळा असतानाच झालेली बरी. सगळं स्थिरावलं की इको चालू. लाईट आली की उलट क्रमाने : एमसीबी खाली, चेंजओव्हर मेनवर, इंजिन दोन मिनिटं मोकळं फिरू द्या, मग बंद, आणि पेट्रोलचा कॉक बंद.

प्रश्न : नव्या इन्व्हर्टर जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर दोन्ही भोकांत मंद पेटतो. खराब तुकडा मिळाला का? — मालवण

बहुधा नाही. या छोट्या जनरेटरांत न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो. त्यामुळे दोन्ही तारा जमिनीच्या मानाने निम्म्या-निम्म्या व्होल्टेजवर तरंगतात. मल्टिमीटरने दोन भोकांमध्ये २३० येतंय ना बघा, बस. पण याचा एक परिणाम आहे : घरातला आरसीसीबी, म्हणजे शॉक बसल्यावर पडणारा स्विच, अशा जोडणीवर भरवशाने पडत नाही. मॅन्युअल परवानगी देत असेल तर न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडून घेण्याचं काम कंत्राटदाराला सांगा. स्वतः तार टाकू नका. दोन ठिकाणी जोड झाला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

प्रश्न : छतावर ऑन-ग्रिड सोलर आहे. लाईट गेली की सोलरही बंद पडतं. जनरेटर चालू करून सोलरला 'जागं' करता येईल का, म्हणजे पेट्रोल वाचेल? — सांगली

कल्पना सुचण्यासारखी आहे आणि नेमकी इन्व्हर्टर जनरेटरवरच ती घात करते. सूर्यघर योजनेनंतर असे संच घरोघरी झाले आहेत, म्हणून सविस्तर. वीज गेल्यावर सोलर बंद पडतं ते मुद्दाम, लाइनमनच्या सुरक्षेसाठी. साध्या जनरेटरची हेलकावणारी फ्रिक्वेन्सी बघून सोलरचा इन्व्हर्टर सहसा बंदच राहतो. इन्व्हर्टर जनरेटरची स्वच्छ ५० हर्ट्झ मात्र त्याला ग्रिडसारखीच वाटते. तो जोडला जातो आणि घरात खपत नाही ती वीज जनरेटरमध्ये ढकलतो. मोड्यूलमध्ये उलटी येणारी वीज जिरवायची सोय नसते. सोलरची तार चेंजओव्हरच्या मेन बाजूलाच राहिली पाहिजे, जनरेटरवर असताना तिचा घराशी संबंधच येता कामा नये.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यानंतर जनरेटर तसाच ठेवला. आता सुरू होतो, पण इंजिन वर-खाली, वर-खाली करतं. चोक अर्धा ओढला की बरं चालतं. — अलिबाग

चोकवर बरं चालतं म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय : कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, चोंदला आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होतं. पाणी धरलेलं इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, कार्बोरेटरच्या वाटीत गंज आणि चिकट थर धरतं. या छोट्या इंजिनाच्या मेन जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, त्याला एवढंसं पुरतं.

जुनं पेट्रोल सगळं काढा. कार्बोरेटरच्या वाटीखाली ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून वाटी रिकामी करा; तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर निदान पक्कं. ताजं पेट्रोल घालून सुरू करून बघा. तरीही वर-खाली होत असेल तर वाटी उतरवून मेन जेट काढा आणि कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे व हवेने साफ करा. तार खुपसू नका, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पितं.

पुढच्या वेळी महिनाभराहून जास्त बंद ठेवायचा असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि वाटी रिकामी करा. त्याहून सोपं म्हणजे महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, पाचशे वॅटच्या लोडवर चालवणं. पेट्रोलचा साठा करू नका. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घराला पाच-दहा लिटर, झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या कॅनमध्ये, स्वयंपाकघरापासून लांब, एवढं पुरे. आणि चालू इंजिनात पेट्रोल ओतणं म्हणजे आग बोलावणं. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यावं.

प्रश्न : दहा मिनिटं छान चालतो आणि बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. — कणकवली

टाकीच्या झाकणावरची हवेची कळ बंद राहिली असणार. ती ने-आण करताना बंद आणि चालवताना उघडी ठेवायची असते. बंद असली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. कळ उघडी असूनही असंच होत असेल तर जनरेटर सपाट जागी आहे का बघा : उतारावर ऑइल एका बाजूला जातं आणि कमी ऑइलचा सेन्सर इंजिन बंद करतो. ऑइल मुळात जेमतेम ४०० मिलिलिटर मावतं, त्यामुळे ५०-१०० मिलिलिटरची घटही नडते. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, १०डब्ल्यू-३० चालतं. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळून बसवावा.

प्रश्न : घरपोच मिळालेला २ केव्हीएचा संच महाबळेश्वरला १५०० वॅटवरच ओव्हरलोड दाखवतो. विक्रेता म्हणतो तुमचं वायरिंग खराब. — महाबळेश्वर

वायरिंगच्या आधी उंचीकडे बघा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, म्हणजे सोळाएक टक्के गेले. १.८ किलोवॅटचे १.५ झाले. शिवाय विरळ हवेत कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतो, स्पार्क प्लग काळा पडतो. सेवा केंद्राकडे उंचीसाठीचा लहान जेट मागा. त्याने प्लग आणि पेट्रोल सुधारेल, पण गेलेली ताकद परत येणार नाही.

प्रश्न : एकाच्या जाहिरातीत ५३ डेसिबल, दुसऱ्याच्या ७० डेसिबल. इतका फरक? शेजारी तक्रार करतात. — रत्नागिरी

किती अंतरावरून मोजलं ते बारीक अक्षरात शोधा. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; १ मीटर आणि ७ मीटर यांत १७चा फरक पडतो. म्हणजे ७ मीटरवरचे ५३ आणि १ मीटरवरचे ७० एकच असू शकतात. शिवाय हा आकडा पाव लोडचा की पूर्ण लोडचा, तेही विचारा. वस्तीतली कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर बॅटरीवर जाण्याची सावंतवाडीची पद्धत शेजाऱ्यांसाठीही बरी. आवाज दाबण्यासाठी भोवती खोकं करू नका. इंजिन आपलाच धूर आणि उष्णता आत ओढतं. वरून पत्रा, चारही बाजू मोकळ्या.

प्रश्न : वडिलांना ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. इन्व्हर्टर जनरेटरवर भरवसा ठेवावा का? — लांजा

वीज चांगली मिळेल, पण भरवसा तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. लाईट गेल्यापासून जनरेटर बाहेर काढून, सुरू करून, चेंजओव्हर टाकेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, पावसात जास्त. तेवढ्या वेळासाठी रेग्युलेटर लावून तयार ठेवलेला ऑक्सिजन सिलिंडर हवा. कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ४०० वॅट घेतो. तो साइन वेव्ह बॅटरी इन्व्हर्टरवर ठेवा. १५० अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीवर तो साडेतीन तासांच्या आसपास चालेल, जुन्या बॅटरीवर निम्माही नाही. जनरेटरने ही बॅटरी भरत राहायची. सिलिंडर किती लिटरचा आणि प्रवाह किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून सिलिंडरला बांधून ठेवा.

प्रश्न : वापरलेला इन्व्हर्टर जनरेटर स्वस्तात मिळतोय. बघताना काय तपासू? — देवगड

मल्टिमीटर, हजार वॅटची इस्त्री आणि एक एलईडी दिवा घेऊन जा. इंजिन गार असतानाच पोचा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर गार होईपर्यंत थांबा. गार इंजिन चोकवर तीन-चार ओढीत सुरू झालं पाहिजे. इको लावून फक्त दिवा पेटवा, आवाज स्पष्ट उतरला पाहिजे. आता इस्त्री लावा : इंजिन एक-दोन सेकंदांत वेग घेईल, दिवा लुकलुकता कामा नये, मीटरवर व्होल्टेज २३०च्या आसपास आणि फ्रिक्वेन्सी ५०ला चिकटलेली दिसली पाहिजे. फ्रिक्वेन्सी हलत असेल तर मोड्यूलवर संशय घ्या आणि व्यवहार सोडा. इस्त्रीवर वीस मिनिटं चालवा. तापल्यावर ट्रिप होणारी मोड्यूल पहिल्या पाच मिनिटांत सापडत नाहीत. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंग झिजल्या. ऑइलची काडी काढून बघा, दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलं आहे. देवगडच्या खाऱ्या हवेत आणखी एक : बाजूचं झाकण उघडून सॉकेटच्या मागचे टोक आणि अर्थचा बोल्ट बघा, हिरवा थर चढला असेल तर किंमत पाडून मागा. त्याच मॉडेलचा दुसरा संच पुढे घ्यायचा विचार असेल तर पुढच्या पॅनलवर पॅरलल जोडणीचे टोक आहेत का तेही पाहा. ते असतील तर दोन संच कंपनीच्या केबलने जोडून जवळपास दुप्पट लोड घेतात.